रेडकाशिवाय म्हैस पान्हवायची कशी

चंद्री तिसऱ्या वेताला व्याली आणि नवव्या दिवशी तिचं रेडकू गेलं. हगवण लागली होती. डॉक्टर सलाइन लावून गेले, तरी पहाटे बघितलं तर थंडगार पडलेलं. त्या सकाळी मी बादली घेऊन कासेला बसले. कास टच्च भरलेली आणि धारा निघाल्या मोजून चार. मग तिने मागचा पाय असा झटकला की बादली गव्हाणीपर्यंत गेली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पान्हा चोरणारी म्हैस हळूहळू आटत जाते, आणि जे काही निघतं त्याला डेअरीत फॅट लागत नाही, कारण सगळ्यांत दाट दूध शेवटच्या धारेत असतं आणि नेमकं तेच तिने वर धरून ठेवलेलं असतं.

गावात यावर दोन उपाय हमखास सांगतात. एक, इंजेक्शन. दुसरा, मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचं. आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, दुसरा उपाय त्यांच्या काळात केला होता. मला दोन्ही नको होते. रोज धारेआधी सुई टोचली की म्हैस सुईशिवाय पान्हवायचं विसरते. शिवाय दुधासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारं काही टोचणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मी कोल्हापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं. 'अभिजात अभिसंधान' आणि 'साधक अभिसंधान' हे दोन शब्द तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. लग्न होऊन गोठ्यात आल्यावर ते मला खरे समजले. एक शिकणं असतं ते 'कशानंतर काय येतं' याचं. दुसरं असतं 'मी काय केलं की मला काय मिळतं' याचं. पहिल्याने पान्हा येतो, दुसऱ्याने लाथ थांबते. हे दोन्ही वापरून चंद्री एकोणीस दिवसांत नुसत्या बादलीच्या आवाजावर पान्हवायला लागली. कसं, ते सविस्तर लिहिते.

आधी कास बघा

कास गरम लागते का, एखादा सड कडक आहे का, हात लावला की म्हैस अंग चोरते का, सडाला चीर आहे का, हे तपासा. पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर काढा. त्यात गुठळ्या किंवा फुटल्यासारखं पाणी दिसलं तर ती दगडी आहे, कासदाह. अशा वेळी डॉक्टरच हवा. दुखणाऱ्या जनावराला सवय लावायला जाणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे, आणि ते शिकतही नाही.

पान्हा कुठून येतो

सडाला रेडकाचं तोंड किंवा माणसाचा हात लागला की तो स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, ते कासेत येतं, आणि दूध भरलेल्या बारीक पिशव्या आवळल्या जाऊन दूध खाली उतरतं. गाईच्या कासेत थोडंफार दूध आधीच खाली साठलेलं असतं. म्हशीच्या कासेत ते फार कमी, शंभरातले पाचेक भाग. बाकी सगळं वर. म्हणून गाय पान्हा न घालताही थोडं तरी देते, म्हैस जवळजवळ काहीच देत नाही. तिला पान्हवायला वेळही जास्त लागतो, दोन-तीन मिनिटं सहज. आणि एकदा पान्हा आला की ऑक्सिटोसिनचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार संपवावी लागते.

भीती वाटली, दुखलं, कुणी ओरडलं की अंगात ॲड्रेनॅलिन सुटतं आणि पान्हा अडतो. म्हणून काठी दाखवून पान्हा येत नाही. काठीने तो जातो.

आता खरी गंमत. पान्हा यायला स्पर्शच लागतो असं नाही. स्पर्शाच्या आधी रोज जे घडतं, तेही पुरतं. हे रशियात सेंट पीटर्सबर्गला इव्हान पावलोव्हने कुत्र्यांच्या लाळेवर दाखवलं. तो मूळचा पचनाचा अभ्यासक, त्याच कामासाठी १९०४ साली त्याला नोबेल मिळालं. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडल्यावर लाळ किती सुटते हे मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की अन्न आणणाऱ्या माणसाची पावलं वाजली तरी लाळ सुटते. मग त्याने मेट्रोनोमची टकटक, बझर असे आवाज अन्नाच्या आधी लावून बघितले, आणि काही दिवसांनी त्या नुसत्या आवाजाला लाळ यायला लागली. पान्हाही तसाच आहे. रेडकू सोडताना दाव्याचा आवाज झाला की ज्या म्हशीच्या सडातून थेंब गळतात, ती हेच शिकलेली असते. चंद्रीचं रेडकू गेलं तशी तिची ती खूण गेली. मला तिला नवी खूण द्यायची होती.

खूण आणि क्रम

मी स्टीलची एक बादली वेगळी काढली. तिची कडी बादलीच्या काठावर तीनदा वाजवायची, ही खूण. सुरुवातीला मी नेहमीचीच बादली घेतली होती आणि तिथं माझे चार दिवस वाया गेले. त्याच बादलीने मी पाणी पाजत होते, गोठा धूत होते, म्हणजे कडी दिवसातून वीस वेळा वाजत होती आणि त्यातल्या दोनच वेळा धार होती. खुणेला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा ती वाजल्यावर ती गोष्ट दर वेळी घडते आणि न वाजता घडत नाही.

त्यानंतरचा क्रम असा. कडी तीनदा वाजवायची. दोन-तीन सेकंदांत आंबोणाची पाटी पुढं ठेवायची. ती खायला लागली की कोमट पाण्याने कास धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची, आणि रेडकू जशा ढुशा मारतं तशा तळहाताने खालून वर हलक्या ढुशा द्यायच्या. सड फुगून ताठ झाले, त्यांवर चकाकी आली, की पान्हा आला. मग बसायचं आणि न थांबता धार काढायची. मधे फोन घ्यायचा नाही, मधे उठायचं नाही.

खूण आधी, पाटी नंतर. हे उलट झालं की शिकणं होत नाही. पाटी ठेवून मग कडी वाजवली तर तिचं तोंड आधीच आंबोणात असतं, त्या आवाजाचं तिला काय! माझ्या मुलाच्या हातून असं दोन-तीनदा झालं. त्याला मी सांगितलं, सणाची पत्रिका सण झाल्यावर पोचली तर तिचा काय उपयोग.

आंबोण जादा द्यायची गरज नाही. दिवसाला सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि थोडं मीठ मिळून जेवढं देत होते तेवढंच दोन धारांवर वाटलं. बदल एवढाच की आंबोण आता फक्त धारेलाच. एरवी वाडं, हत्तीगवत, कडबा. पोट तुडुंब भरलेल्या म्हशीला पाटीचं अप्रूप नसतं, म्हणून वैरण मी धारेनंतर टाकायला लागले.

वेळही धरा. सकाळी साडेपाच, संध्याकाळी साडेपाच, तीच जागा, तोच खुंटा. या सगळ्याच खुणा असतात. बादलीची कडी ही आपण ठरवलेली, बाकीच्या म्हैस स्वतः गोळा करते.

मी दिनदर्शिकेवर रोजचं दूध लिहीत होते. रेडकू असताना एका वेळेला साडेचार लिटर. ते गेल्यावर पाऊण लिटर. बादली बदलल्यापासून सहाव्या दिवशी दीड, अकराव्या दिवशी तीनच्या आसपास. एकोणिसाव्या दिवशी कडी वाजली आणि मी पाटी उचलायच्या आतच डाव्या बाजूच्या मागच्या सडातून थेंब पडला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पांढरा ठिपका. मी पाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्या दिवशी चार लिटर झालं.

लाथ

लाथेसाठी दुसरं शिकणं लागतं. लाथ मारल्यावर तिला काय मिळतं ते बघा. मी काय करत होते? लाथ बसली की उठत होते. म्हणजे तिच्या दृष्टीने, पाय झटकला की नको असलेला हात जातो. दिवसातून दोनदा मी तिला हा धडा देत होते आणि वर म्हणत होते, ही म्हैस खोडीलच आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ साली मांजरांवर असे प्रयोग लिहिले. भुकेलं मांजर खोक्यात कोंडायचं, बाहेर खाणं ठेवायचं, आणि आत दोरी ओढली किंवा खिट्टी हलवली की दार उघडायचं. पहिल्यांदा मांजर ओरबाडतं, धडपडतं, चुकून दोरी ओढली जाते. पुढच्या प्रत्येक वेळी त्याला कमी वेळ लागतो. ज्याने दार उघडलं ते उरतं, बाकीचं गळून पडतं. बी. एफ. स्किनरने पुढं उंदीर आणि कबुतरांवर हेच फार बारकाईने अभ्यासलं, तेच साधक अभिसंधान. चंद्रीच्या खोक्याचं दार मी होते, आणि लाथ ही दोरी.

मग मी धार बाजूला ठेवून दुपारी वेगळी दहा मिनिटं काढली. मुलगा तिच्या तोंडाजवळ, खिशात कांडी पेंड. मी पाठीवर हात ठेवायचा. ती शांत उभी राहिली की मी लगेच म्हणायचं, "भले चंद्रे!" आणि मुलाने मूठभर कांडी द्यायची. मग हात पोटावर. मग मांडीवर. मग कासेला नुसता लावून काढायचा. मग दोन सेकंद, मग पाच. हात काढायचा तो ती शांत असतानाच. यातलं सगळं यश या एका वाक्यात आहे. ती हलायच्या आत हात काढला तर शांत उभं राहण्याने हात जातो हे ती शिकते. हलल्यावर काढला तर पुन्हा लाथेचाच धडा.

"भले" हा शब्द कशाला? कांडी तोंडात जाईपर्यंत तीन-चार सेकंद जातात, तेवढ्यात ती शेपूट मारते, मान वळवते, आणि बक्षीस कशाचं ते तिला कळत नाही. शब्द त्या नेमक्या क्षणावर बोट ठेवतो. तो शब्द आधी काही दिवस नुसता कांडीबरोबर म्हणावा लागतो, म्हणजे त्याला चव येते. इथं पहिलं शिकणं दुसऱ्याच्या कामाला येतं.

चौथ्या दिवशी तिने आधीपेक्षा जोरात आणि लागोपाठ लाथा झाडल्या. बहुतेक लोक इथंच सोडतात आणि म्हणतात उपाय लागू पडला नाही. खरं तर तो लागू पडत असतो. नेहमी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की जनावर ती सोडायच्या आधी जास्त जोराने करून बघतं. बटण दाबून दिवा लागला नाही तर आपण ते चारदा खटाखटा दाबतो ना, तसं. या दोन-तीन दिवसांत उठलात तर मात्र तिला कळतं की हळू लाथेने जमत नाही, जोरात मारावी लागते. मग काम आधीपेक्षा अवघड. तेव्हा धीर असेल तरच सुरू करा, आणि अंग सांभाळा. मांडीला डोकं टेकून अगदी चिकटून बसा. जवळच्याला धक्का बसतो, लांब बसलेल्याला लाथ पूर्ण बसते.

मारायचं का? आमच्या घरातही यावर वाद झाला. माझं मत पक्कं आहे. फटका मारला की लाथ त्या वेळी थांबते, म्हणून मारणाऱ्याला वाटतं उपाय चालला. पण म्हैस दोन्ही शिकणी एकाच वेळी शिकत असते. लाथेला फटका बसतो हे एक, आणि माझ्या पावलांनंतर दुखतं हे दुसरं. दुसरं शिकली की मी गोठ्यात शिरतानाच तिचा पान्हा आटतो. दूध काढणाऱ्या हाताने मारू नये, एवढं तरी पाळाच.

सुईची धास्ती

लाळ्या-खुरकुताची लस आली तेव्हा घाईत चंद्रीला धारेच्याच खुंट्यावर टोचलं. पुढं तीन दिवस तिने तिथं पान्हा घातला नाही. एकदाच दुखलं, तरी जागा लक्षात राहिली. तेव्हापासून आमच्याकडे सुई टोचायची ती बाहेर, चिंचेखालच्या खुंट्यावर, आणि धारेच्या वेळेपासून लांब.

भीती बसलीच तर ती काढायचीही रीत आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोरावर ती करून दाखवली. पोराला सशाची भयंकर भीती. पोरगं आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवायचा, आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. मी तेच केलं. आंबोण खाताना चंद्रीला धारेच्या खुंट्यापासून आधी दहा पावलांवर बांधलं, मग सात, मग चार. अंतर ठरवायचं तिच्याकडे बघून. ती खायची थांबली, कान ताठ झाले, की आपण घाई केली असं समजायचं आणि दोन पावलं मागं यायचं.

पाडव्याची पळती म्हैस

हे सगळं पुस्तकी वाटत असेल त्यांनी दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात यावं. गवळी मंडळी म्हशींना सजवून, शिंगं रंगवून आणतात. मालक मोटारसायकलवर पुढं, सायलेन्सरचा धडाड आवाज, आणि एवढ्या गर्दीतून म्हैस त्याच गाडीमागं सुसाट पळते. हाक मारली की वळते. एरवी म्हैस अशा आवाजाला बुजून दावं तोडेल. त्या आवाजामागून मालक, त्याचा हात आणि खाणं येतं हे तिला महिनोन् महिने शिकवलेलं असतं. शहरातल्या दूध कट्ट्यावर तर भर रहदारीत, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात म्हशी धार देतात, लोक तिथंच उभे राहून फेसाळ दूध पितात. त्या म्हशींना तो कट्टाच खूण झालेला असतो. या लोकांनी पावलोव्हचं नाव ऐकलेलं असो वा नसो, या कामात ते माझे गुरू आहेत.

घरात

म्हैस नसलेल्यांसाठी थोडं. माझा नातू अडीच वर्षांचा, मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. सून चार वेळा नाही म्हणायची आणि पाचव्यांदा, तो निळा होईपर्यंत रडला की, द्यायची. तिचा जीव तुटायचा, मी समजू शकते. पण त्यातून पोर शिकलं की पाच वेळा रडावं लागतं. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यांत चिवट असते, हे स्किनरने दाखवून दिलं आहे. मी तिला एवढंच सांगितलं: द्यायचा असेल तर रडायच्या आधी दे, नसेल द्यायचा तर मग अजिबात नाही. आम्ही जेवणाच्या खोलीतून सगळ्यांचेच फोन बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांत जास्त रडला, चंद्रीच्या चौथ्या दिवसासारखा. तोंड उघडलं की पहिला घास चिऊचा, दुसरा काऊचा, आणि आजोबांची शाबासकी लगेच. आठवड्याने बसायला लागला. महिन्याभराने पाहुणे आले, कुणी तरी ताटाशेजारी फोन ठेवला, आणि रडं परत आलं. घाबरू नका. मोडलेली सवय अशी अधूनमधून डोकं वर काढते. पहिल्यासारखंच वागायचं, दुसऱ्या खेपेला ती लवकर जाते.

दुसरा हात

शेवटची एक गोष्ट, जी मी उशिरा शिकले. म्हैस एकाच माणसाला लावू नका. पूर्वी आत्ती आजारी पडल्या की त्यांची म्हैस कुणाला हात लावू द्यायची नाही, मग आमचे हे आत्तींचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून धारेला बसायचे. लेकीच्या बाळंतपणाला मला पुण्याला जायचं होतं, तेव्हा महिनाभर आधीच तयारी केली. आधी कडी मी वाजवायची, पाटी यांनी ठेवायची. मग कास यांनी धुवायची, धार मी काढायची. मग माझी जुनी सुती साडी यांच्या खांद्यावर आणि धार यांच्या हातची. पाच-सहा दिवसांनी साडीची घडी अर्धी, मग पदराचा तुकडा, मग तोही नाही. पुण्याहून रोज सकाळी फोनवर लिटर विचारायचे. पहिल्या दिवशी साडेतीन, तिसऱ्या दिवशी चार.

ती बादली आता कुणी हात लावू नये म्हणून उंच खिळ्याला असते. परवा भर दुपारी नातवाने खुर्चीवर चढून ती काढली आणि कडी वाजवत गोठ्यात आला. मी धावले तोवर चंद्रीने मान वळवून पाटीच्या जागेकडे बघितलं होतं आणि चारी सडांतून थेंब लागले होते. धारेला पाच तास अवकाश होता. खूण वाजली होती, म्हणून मी पाटीत दोन मुठी आंबोण टाकलं, कास धुतली आणि बसले.